राजघाटावरची सलामी

वस्ताद, तुम्हाला अक्षर वाचता येत नव्हतं, त्यामुळे तुम्ही हयात असता तरी हा कागद मलाच तुमच्यापुढे बसून मोठ्याने वाचावा लागला असता. आणि तोंडाने सांगणं जमलं असतं तर मी दौत-टाक घेऊन कशाला बसलो असतो? तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं होत आली. तालीम चालू आहे. लोधीपुऱ्यातली तीच जागा, वरची कौलं तेवढी दोनदा फेरली. आज सकाळी एकवीस पोरं होती, त्यातली नऊ पोलिसांनी आणून सोडलेली. नऊ हा आकडा ऐकून तुमचा हात मिशीकडे गेला असता, हे मला इथे बसून दिसतं. पण तापीकाठच्या राजघाटावरच्या त्या सकाळची गोष्ट तुम्ही जन्मभर छाती काढून लोकांना सांगितलीत, आणि ती तशी घडलेली नाही. तुम्हाला जी कळली तिच्यामुळे तालमीचं कुलूप टळलं आणि माझं बरं झालं. खरी कोणती, ते आज लिहितो. सुरुवातीपासून लिहितो, म्हणजे तुम्हाला ठाऊक असलेलंही त्यात येणार. मध्येच "माहीत हाये रे" म्हणून हात हलवायची तुमची सवय आज चालणार नाही.

मी तेरा वर्षांचा होतो. बाप नव्हता, आई कापसाच्या जिनात सरकी निवडायला जायची. शाहपूरकडून कापसाच्या गाड्या यायच्या, त्यांच्यावर मागून चढून हाताला येईल तेवढा कापूस ओढायचा आणि पळायचं, हा आमच्या टोळीचा धंदा. गाडीवान खाली उतरला की त्याला अडवायचं काम माझं. मी दगड मारायचो. माझा नेम चुकत नसे, आणि खरं सांगायचं तर त्या वयात मला स्वतःबद्दल अभिमान वाटावा अशी तेवढी एकच गोष्ट होती. एका म्हाताऱ्या गाडीवानाची भुवई फुटली आणि आम्ही तिघे सापडलो. पोलीस कचेरीतल्या साहेबाने प्रत्येकी बारा वेताचे फटके फर्मावले. आम्हाला घेऊन चाललेला जमादार तरुणपणी तुमच्याच कुस्तीच्या हौद्यातला, त्याने वाट वाकडी करून आम्हाला आधी तालमीच्या दारात उभं केलं. तुम्ही अंगाला लागलेली माती न पुसता तसेच आमच्याबरोबर कचेरीत आलात. साहेब टेबलामागे, तुम्ही उघड्या अंगाने समोर, आणि आम्ही तिघे तुमच्या मागे लपलेले.

"बेत मारून काय व्हईन साहेब?" तुम्ही म्हणालात. "पाठ सुकली का पोरगं पुन्हा गाडीवर. मले द्या. रोज सकाळी जमादारानं यावं अन् तीन डोकी मोजून जावं."

साहेबाने विचारलं, आणि यांनी बाहेर कुणावर हात उचलला तर? मग त्यानेच शर्त घातली: तिघांपैकी एकानेही बाहेर कुणाला मारलं तर तालमीला कुलूप, आणि डोल ग्यारसच्या, म्हणजे भाद्रपदातल्या एकादशीच्या, मिरवणुकीत काठ्या आणि ढाल-सोट्याचा फरी-गदका घेऊन पुढे चालण्याचा जो परवाना तुमच्या वस्तादांपासून चालत आलेला होता तो कायमचा रद्द. कारकुनाने हे तुम्हाला दोनदा वाचून दाखवलं. तुम्ही अंगठा उठवलात. शाई धोतराला पुसलीत आणि आमच्याकडे वळून म्हणालात, "चला. माती खनायची हाये." तीन उनाड पोरांच्या भरवशावर अख्खी तालीम मांडणारा माणूस शहाणा की खुळा, यावर लोधीपुऱ्यात पुढे महिनाभर चर्चा चालली. बहुतेकांचं मत खुळा असंच होतं.

आम्हाला वाटलं होतं, पहिल्याच दिवशी हातात काठी येईल. तुम्ही फावडं दिलंत. तीन महिने आम्ही हौदा खणत होतो. खणायचा, ढेकळं फोडायची, चाळायची, ताक आणि तेल घालून तुडवायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एकदा मी चिडून म्हणालो की ही माती आहे तशीच आहे, रोज रोज काय खणायची. तुम्ही म्हणालात, "माती तशीच हाये. तू काल होता तसा हायेस का?" मला त्यातलं काही कळलं नाही; मला फक्त हाताचे फोड कळत होते. पण फोडांचे घट्टे झाले आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की मी जमादार यायच्या आधी उठून बसलेलो असतो. मग सलामी शिकवलीत. समोरच्यापुढे वाकायचं, उजवा हात मातीला लावायचा, तोच हात कपाळाला, आणि मग खेळ. ज्याला सलामी दिली त्याच्या अंगाला काठी लागता कामा नये, वार बोटभर अलीकडे थांबला पाहिजे. आणि ज्याला सलामी दिली त्याच्यावर सूर्य मावळेपर्यंत रागाने हात टाकायचा नाही, मग तो हौद्यात असो की बाजारात. हा तुमच्या तालमीचा कायदा. काठी चुकली तर तुम्ही माफ करायचात, हा कायदा मोडला तर नाही.

तो मी मोडला, तुम्हाला आठवत असेल. आमच्यातलं ते सगळ्यात बारकं पोरगं, तोतरं. खेळताना त्याची काठी माझ्या बोटांवर बसली आणि मी सलामी-बिलामी विसरून त्याच्या बरगडीत टोक खुपसलं. तुम्ही मारलं नाहीत, ओरडलाही नाहीत. मागच्या दारी तुमच्या मंडळी, आमच्या काकी, भाकऱ्या थापत होत्या, तिथे आम्हा दोघांना घेऊन गेलात. मला आजही तुमच्या घरातलं ते स्वयंपाकघर समोर दिसतं: चुलीजवळ ओळीने बसलेली आम्ही पोरं, ताटात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा, मध्ये भिजवलेल्या हरभऱ्याचं पातेलं, आणि काकी प्रत्येकाच्या तोंडाकडे बघून वाढताहेत, कारण कोण घरून उपाशी आलंय हे त्यांना विचारावं लागत नसे. तुम्ही सगळ्यांसमोर सांगितलंत की आजपासून महिनाभर वार फक्त या बारक्याने करायचे, आणि मी फक्त झेलायचे. काकी म्हणाल्या, "त्याले जेवू तरी द्या, मंग सांगा." तुम्ही म्हणालात, "जेवता जेवताच सांगतो. पोटात गेलं पाह्यजे." एक महिना मी त्या पोराचे वार झेलले. पहिला आठवडा मी त्याचा द्वेष केला. नंतर त्याचा हात सुधारत चाललेला बघून मलाच बरं वाटायला लागलं, आणि हे असं का होतंय याचा मला संताप आला. आज तो तोतरा माणूस मालगाडीचा गार्ड आहे, सलाम ठोकतात लोक त्याला.

आता राजघाट. डोल ग्यारसला चार दिवस राहिले होते. तुम्ही मला सकाळी घाटावर पाठवलंत, लंगोटांचं गाठोडं धुवायला आणि मिरवणुकीच्या काठ्या पाण्यात भिजवून घासायला. तापी गढूळ होती, अर्ध्या पायऱ्या पाण्याखाली. मी काठ्या पाण्यात टाकून बसलो होतो तेवढ्यात आमची जुनी टोळी आली. चौघे होते. म्होरक्या आता मोठा झाला होता, मिसरूड फुटलेलं, नावाड्याचा बांबू खांद्यावर. मी टोळी सोडल्याचा त्याला राग होता, आणि बरोबर होता तो, माझ्यासारखा दगड मारणारा त्याला पुन्हा मिळाला नव्हता. त्याने गाठोडं उचलून पाण्यात भिरकावलं. लंगोट वाहत जाताना दिसत होते आणि मी उठलो नाही. मला तुमचा अंगठा दिसत होता, शाई लागलेला. मग तो म्हणाला, "तुया वस्ताद पोलिसाचा पाळलेला हाये. तुम्हाले मोजून घ्याले येते जमादार, बकऱ्या मोजल्यासारखा." तरी मी बसलेलाच. मग तो काकींबद्दल बोलला. काय बोलला ते लिहीत नाही.

मी उठलो. आणि इथून पुढे तुम्हाला ठाऊक असलेलं आणि खरं यांची फारकत होते. जवळ काठ्या होत्या, पण काठी उचलली असती तर ती तालमीची काठी ठरली असती, एवढं भान मला होतं. दगड कुणाचाच नसतो. वस्ताद, मी दगडासाठी वाकलो. उजवा हात जमिनीला लागला, मुठीत गोटा आला, आणि त्याच क्षणी बांबू माझ्या डोक्यात बसला. मूठ सुटली, गोटा पडला, आणि चिखलाने भरलेला तो हात आपोआप कपाळाकडे गेला, कारण कपाळ फुटलं होतं. एवढंच झालं. मग मी पायरीवर बसलो आणि ती चौघं पळाली.

वरच्या पायरीवर गस्तीला आलेला आपला जमादार उभा होता. त्याने काय बघितलं? पोरगं वाकलं, उजवा हात मातीला, तोच हात कपाळाला. दुसरा कुणी शिपाई असता तर त्याला दगड दिसला असता. कोष्टी असता, नावाडी असता, तरी दगडच दिसला असता. पण त्याने तरुणपणी रोज तुमच्या हौद्यात सलामी दिली होती, त्याला सलामी दिसली. धावत खाली आला, स्वतःचा पटका फाडून माझं डोकं बांधलं आणि रडायला लागला, एवढा मोठा मिशाळ माणूस. "सलामी दिली रे यानं," तो जमलेल्या बायांना, नावाड्यांना सांगत होता. "चार जण मारायले आले तं यानं सलामी दिली अन् हात नाही उचलला." मी तोंड उघडलं होतं. पण तोंडात रक्त होतं, आणि खरं सांगायचं तर ऐकायला ते फार छान वाटत होतं.

साहेबाकडे दोन तासांत तक्रार गेली होती की तालमीतल्या पोराने घाटावर मारामारी केली. तुम्हाला बोलावणं आलं. कारकुनाने तो अंगठ्याचा कागद काढूनच ठेवला होता आणि शेजारी एक नवं कुलूप. जमादाराने पुढे होऊन साक्ष दिली. साहेबाला सलामी म्हणजे काय ते कळेना, तेव्हा जमादाराने कमरेचा पट्टा काढून ठेवला आणि कचेरीच्या फरशीवर वाकून, फरशीला हात लावून, कपाळाला लावून दाखवलं. साहेब माझ्या डोक्याकडे बघत राहिला. मग म्हणाला की या पोराने मार खाल्ला, मारलेला नाही. कुलूप परत ठेवा. बाहेर आल्यावर तुमचा हात माझ्या मानेवर होता. तुम्ही मला तसंच धरून जिनात घेऊन गेलात, आईला कामावरून बाहेर बोलावलंत, आणि तिच्या केसांत कापसाचे तंतू अडकलेले असताना, इतर बाया बघत असताना म्हणालात, "बाई, तुमच्या पोरानं आज मही तालीम वाचवली." आई माझ्याकडे बघत होती. माझ्याबद्दल तिला कुणी येऊन चांगलं काही सांगितल्याची तिच्या आयुष्यातली ती पहिली वेळ. तुम्हीच सांगा, तिथे मी दगडाची गोष्ट काढायला हवी होती?

त्या आठवड्यात तुम्ही मला तुमची फरी दिलीत. कातडी ढाल, तुमच्या वस्तादांची, मूठ घामाने काळी पडलेली. देताना कुणी नव्हतं जवळ. तुम्ही म्हणालात, "एक चुकलं तुयं. सलामीत नजर खाली घातली. नजर समोर ठेवली असती तं डोकं फुटलं नसतं. पुन्हा नको." मी "हाव वस्ताद" म्हणालो आणि हसू आणि रडू एकदम आलं. सगळं सांगायचा तोच एक सरळ मोका होता, आणि मी फरी घट्ट धरून उभा राहिलो. डोल ग्यारसला डोक्याला पट्टी बांधून मी मिरवणुकीच्या अगदी पुढे फरी-गदका खेळलो. दोन्ही बाजूंच्या ओट्यांवरून बाया बोटं दाखवत होत्या, तोच तो, सलामीवाला. जमादार बाजूने चालत होता आणि गर्दीला मागे सारता सारता सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगत होता. मला लाज वाटत होती आणि त्याच वेळी आपण उंच झाल्यासारखंही वाटत होतं. दोन्ही खरं होतं.

पुढे तुम्ही ती गोष्ट कुठे कुठे सांगितलीत. शाहपूरच्या बाजारात, कुस्त्यांच्या मैदानात, लग्नाच्या पंगतीत. दर वेळी मी थोडा अधिक सज्जन होत गेलो. शेवटी शेवटी तर चौघांचे आठ झाले होते आणि मी सलामी देताना हसत होतो. मी कधी टोकलं नाही. पण एक गोष्ट घडली, ती तुम्हाला सांगण्यासारखी आहे. लोक ज्याला ओळखत होते तो मुलगा मी नव्हतो, आणि आता मला तो व्हावं लागत होतं. बाजारात कुणी धक्का मारला की दहा डोळे माझ्याकडे वळायचे, सलामीवाला काय करतो बघू. मग मी काही करत नसे. आधी दाखवण्यासाठी, मग सवयीने, आणि कधीतरी खरंच राग येईनासा झाला. दहा वर्षं लागली मला. लोकांना ते एका सकाळीच दिसलं होतं. तुम्ही गेलात तेव्हा तालमीची किल्ली काकींनी माझ्या हातात दिली, कुणाला विचारलं नाही. नगरपालिकेच्या शाळेत मी आता कवायत शिकवतो, आणि सकाळी तुमचा हौदा. साहेब बदलले, कागद तोच आहे. दरसाल मीही अंगठा उठवून येतो. सही येते मला, तरी अंगठाच देतो. कारकून हसतो.

हे सगळं आज का उकरलं, तर परवाच्या एका पोरामुळे. चौदा वर्षांचा आहे, बाजारात चाकू काढला म्हणून आणून सोडलेला. चांगला खणतो. परवा दुपारी शाळा सुटल्यावर तो माझ्याकडे आला आणि फावडं भिंतीला टेकवून म्हणाला, "वस्ताद, मी जातो. मेरे से नई होणार."

"काहून?"

"तुम्ही ती सलामीची गोष्ट सांगता ना. चार जण मारायले आले अन् तुम्हाले रागच नाही आला. मले तं येते. कोणी बोललं का हात जातेच. तुमच्यासारखा मी नई बनू शकत. मह्यामुळं तालमीले कुलूप लागन."

वस्ताद, तुमची गोष्ट मी पंचवीस वर्षं पोरांना सांगत आलो, तुमच्याच आवाजात, तुमच्याच जागी थांबत. तिने कितीतरी पोरांना धरून ठेवलं असं मी समजत होतो. तिने किती जणांना घालवलं असेल, हे मला त्या क्षणापर्यंत सुचलं नव्हतं. मी त्याला हौद्याच्या कडेला बसवलं आणि सांगितलं की मी सलामी दिली नव्हती, मी दगडासाठी वाकलो होतो. मग त्याने हळूच विचारलं, "मंग हे एवढ्या दिवसांपासून झूट सांगून राहिले तुम्ही?" मी हो म्हणालो. मला वाटलं, आता उठून जाईल. तो हसला. आधी गालात, मग मांडीवर थाप मारून. "म्हंजे तुम्हाले बी येतो," तो म्हणाला. "राग." त्याने फावडं घेतलं आणि संध्याकाळपर्यंत हौदा खणत होता, मी थांब म्हणेपर्यंत. काल आला, आज आला. मघाशी एकवीस म्हणालो, त्यातला एक तो. वस्ताद, आज यंदाच्या कागदावर त्याच्या नावापुढे अंगठा उठवताना मला धास्ती वाटली, आणि तेवढाच अभिमानही वाटला. तुम्हाला त्या दिवशी कचेरीत काय वाटलं असेल, ते मला चाळीस वर्षांनी कळलं.

जाता जाता त्या पोराने एक विचारलं होतं. "पण दगड तं तुम्ही नाहीच मारला ना? सोडून देला ना हातातून?" मी म्हणालो, "नाही मारला." तेवढ्यावर तो खूश झाला. पुढचं त्याला सांगितलं नाही, तुम्हाला सांगतो. मी सोडून दिला नव्हता. माझ्या मनात काही आलं नव्हतं, ना तुमचा अंगठा, ना तालीम, ना कायदा. ते सगळं बसलेलो असेपर्यंतच होतं. वाकलो तेव्हा मी त्या म्होरक्याच्या डाव्या डोळ्यावर रोख धरला होता, आणि माझा नेम चुकत नसे. बांबू आधी पडला, बस्स. त्या सकाळी तुमची तालीम त्या म्होरक्याने वाचवली, वस्ताद. त्यानंतर रोज मी वाचवत आलो आहे.